परळच्या खोलीतील ताजी मासळी

मासळी घरात कशी टिकवावी हा इतिहासाचा विषय आहे, असे आम्ही म्हटले तर वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपैकी काहींना हसू येईल. इतिहास म्हटला की किल्ले, तह आणि लढाया; फार तर गिरण्या आणि संप. त्यात बांगड्याला कोठून जागा मिळणार? परंतु परळ-लालबागचा इतिहास ज्याला खरोखर समजून घ्यावयाचा आहे, त्याने गिरणीच्या भोंग्याइतकेच घरातल्या चुलीकडेही लक्ष दिले पाहिजे. या भागातील कामकरी वर्गाचा मोठा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे समुद्राकाठच्या मुलखातून आला. त्याने येताना देव आणला, भजन आणले, नाटकाचे वेड आणले आणि मासळीची जिभेवरची चवही आणली. गावी समुद्र किंवा खाडी दारात होती. येथे दारात गिरणी आली. मग मासा टिकविण्याचे काम कोणी केले?

आमचे उत्तर असे, की परळच्या घराने ते काम केलेच नाही. पिढ्यानुपिढ्या या भागात ताजा मासा घरात ‘ठेवीत’ नसत. तो आणीत, रांधीत आणि संपवीत. ठेवण्याचे काम बाजाराचे, बर्फाचे आणि मिठाचे होते. घराकडे ते काम आले ते अगदी अलीकडे, वीजपेटी आल्यावर. घराने ते पुरते शिकून घेतले आहे, असे मात्र म्हणवत नाही.

आधी ते घर कसे होते ते पाहू. मुंबई सरकारने १९२० साली विकास खाते काढले आणि पुढच्या चार-पाच वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. लोक त्यांना बी. डी. डी. चाळी म्हणतात. एका बिऱ्हाडाला एक खोली, सुमारे १६० चौरस फुटांची. खासगी चाळींतील खोल्या याहून ऐसपैस होत्या असे नाही. याच खोलीत मोरी, चूल किंवा शेगडी, पाण्याची पिंपे, ट्रंका, अंथरुणे आणि गावाहून आलेला पाहुणा. अशा खोलीत उन्हाळ्यात रात्रीसुद्धा उष्मा तीस अंशांच्या आसपास घोटाळत राहतो. अन्न ठेवण्याची साधने म्हणजे वरून लोंबणारे शिंके, आणि ज्याची ऐपत असेल त्याच्याकडे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले जाळीचे कपाट. शिंक्याने मांजर अडते, वाट्यांनी मुंग्या अडतात. उष्णता कशानेच अडत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवण्याचा उपाय देशावरच्या कोरड्या हवेत बरा चालतो. मुंबईच्या दमट हवेत ओले फडके चार-पाच अंशांहून अधिक थंडावा देत नाही. तीसचे पंचवीस झाले म्हणून मासा काही थांबत नाही.

म्हणजे मासा उंबऱ्याच्या आत आला की घटका भरू लागत. चुलीवर चढेपर्यंत त्याला हळद-मीठ लावून झाकून ठेवीत, आणि तेवढ्या वेळेला ते पुरे होई. मग कोकमाचा आंबटपणा, तिखट, बांगडा असेल तर तिरफळ. उरलेच तर कालवण रात्री खळखळून उकळून ठेवावयाचे आणि सकाळी पुन्हा उकळावयाचे. शिळे कालवण अधिक रुचकर लागते असे कोकणी माणूस शपथेवर सांगेल. आम्हीही नाही म्हणणार नाही. पण त्या शिळ्या कालवणाचा जीव दोन वेळच्या उकळीत आणि आंबटात असतो, हे तो सांगावयास विसरतो.

खाणावळींची गोष्ट याहून अवघड. पुरुष एकटे येत आणि बायकामुले गावी ठेवीत. त्यांच्या जेवणाची सोय करणारी बाई एकाच खोलीत दहा-वीस माणसांचे रांधी. पहिली पाळी सकाळी सातला जाणार, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी मध्यरात्री. सकाळी दहाला रांधलेले कालवण कोणी अकराला जेवणार, तर कोणी चारला. ही माणसे रोज आजारी का पडली नाहीत, याचे श्रेय त्या बाईच्या शेगडीला आहे. पातेले तिच्यावरून फारसे खाली उतरतच नसे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या खाणावळवाल्या बायकांना संघटित केले, तेव्हा कोठे या श्रमाची जाहीर नोंद झाली.

घर मासा ठेवू शकत नसेल तर बाजार जवळ हवा आणि रोज भरणारा हवा. येथे लालबागची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्यातील मासळी लोक विसरले आहेत. पेरू चाळीतील बाजार १९३२ साली बंद झाला. तेथे बसणारे कोळी आणि इतर विक्रेते उघड्यावर आले. मासळी विकणाऱ्याला उघड्यावर बसणे म्हणजे काय, याचा विचार करा. कापडवाल्याचे कापड उन्हात फार तर विटेल. कोळणीच्या पाटीतील सारे भांडवल दुपारपर्यंत कुजून जाईल. त्यांनी कायमच्या जागेसाठी गणपतीला नवस केला. पुढे पुढाऱ्यांच्या खटपटीने आणि जमीनमालकाच्या संमतीने जागा मिळाली, आणि १९३४ साली त्या नवसाच्या फेडीचा गणपती बसला. त्या पहिल्या मूर्तीला कोळ्याचा पेहराव होता. आज ज्याच्या दर्शनाला लाखोंची रांग लागते तो लालबागचा राजा तो हाच. भक्तीचा भाग भक्तांकडे सोपवून आम्ही इतकेच म्हणतो, की मासळीला सावली, पाणी आणि ओटा मिळावा यासाठी केलेला नवस म्हणून त्याची नोंद आरोग्याच्या इतिहासातही झाली पाहिजे. त्या आसपासच्या हजारो खोल्यांचे मासळीचे कपाट म्हणजे तो बाजार होता.

बाजार पावसाळ्यात दुबळा होई. दर्या खवळला की होड्या किनाऱ्याला लागत, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत ताज्या मासळीचे नाव घेऊ नये. (आता कायद्यानेच १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते.) म्हणून आगोटीची बेगमी. मे महिन्यात गावाहून परतणाऱ्याच्या बोचक्यात कोकमे, कुळीथ आणि सुकी मासळी असावयाचीच. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद होत, तेव्हा जे यावयाचे ते आधीच भाऊच्या धक्क्यावर उतरे. घराने खरोखर साठविलेली मासळी ती ही.

सुक्यातही दोन जाती आहेत, आणि हा भेद गृहिणींना पुस्तकाशिवाय कळत होता. बोंबील, जवळा, करंदी ही नुसत्या उन्हात वाळवितात. बोंबलाच्या अंगात सुमारे नव्वद टक्के पाणी असते, त्यामुळे ताजा बोंबील सर्वांत लवकर बिघडतो. म्हणून कोळी लोक दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टांगतात, म्हणजे वारा चहूकडून लागतो. बांगडा मात्र तेलकट. तो नुसता वाळविला तर खवट होतो. त्याला चिरून मीठ भरावे लागते.

आता मीठ म्हटले की राज्यकारभार आलाच. इंग्रज सरकारने १८८८ साली मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. ज्याला आमटीपुरते मीठ लागते त्याला तो कर पैशा-दोन पैशांनी जाणवे. ज्याला पाट्याच्या पाट्या मासळी खारवावयाची त्याचे कंबरडे मोडे. महाग मीठ हात आखडून वापरले जाई, आणि अर्धवट खारवलेला मासा सडे. सरकारलाही हे कळून चुकले होते. म्हणून किनाऱ्यावर ठिकठिकाणी सरकारी देखरेखीची आवारे काढून तेथे खारवण्यापुरते करमुक्त मीठ देण्याची व्यवस्था झाली. १९३० साली वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रहींच्या तुकड्या चालून गेल्या. वडाळा परळच्या शेजारीच. त्या मिठाशी परळच्या डब्यातील खाऱ्या बांगड्याचे किती जवळचे नाते होते हे सांगावयास नको. कर पुढे १९४७ साली उठला.

मिठाची आणखी एक खोड आहे. हवेतील ओल शेकडा पंचाहत्तरांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढू लागते. मुंबईच्या आषाढ-श्रावणात ओल ऐंशीच्या वर असते. म्हणजे ज्या मिठाने मासा राखावयाचा तेच मीठ त्याला ओले करते, मग त्यावर गुलाबी डाग येतात, किडे होतात. आपल्या आज्या सुकी मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून, ऊन पडले की तिला ऊन का दाखवीत, त्याचे कारण हे. गॅलरीत बोंबील वाळत घातल्यावरून शेजारणीशी होणारी भांडणे हा या शास्त्राचा उपविभाग समजावा.

बर्फाची कथा अगदी वेगळ्या दिशेने सुरू होते, कारण बर्फ मुंबईत आला तो मासळीसाठी नव्हे. अमेरिकेतील बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून, लाकडाच्या भुशात दाबून जहाजाने धाडीत असे. १८३३ साली त्याचे पहिले जहाज कलकत्त्यास आले. १८३४ साली मुंबईस बर्फ आला. त्या वर्षी जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइसक्रीम वाढले, आणि यजमानासकट पाहुण्यांना पडसे झाल्याचे ‘मुंबई समाचार’ने छापले, ही गंमत पुष्कळांना माहीत आहे. १८४३ साली गोदीजवळ बर्फघर बांधले गेले. हा बर्फ साहेबांच्या पेल्यासाठी, धनिकांच्या मेजवानीसाठी आणि तापकऱ्यांच्या कपाळासाठी होता. कोळणीच्या पाटीत त्याचा खडाही पडला नसेल. यंत्राने बर्फ होऊ लागला तेव्हा, १८८० च्या सुमारास, हा सातासमुद्रापलीकडचा व्यापार बसला. बर्फाची लादी स्वस्त झाली, गोणपाटात गुंडाळून हातगाडीवरून फिरू लागली, आणि हळूहळू ससून गोदीत मासळीच्या ढिगांवर जाऊन पोचली. ती गोदी १८७५ साली बांधली गेली होती, पण कापसासाठी. मासळीचे मोठे बंदर म्हणून तिची ख्याती नंतरची.

बर्फाने मासा टिकतो तो नुसता गार होतो म्हणून नव्हे. किलोभर बर्फ वितळताना इतकी उष्णता शोषतो, की तेवढ्यात ऐंशी अंश तापलेले लिटरभर पाणी शून्यावर यावे. शिवाय वितळलेले पाणी माशाच्या अंगावरून ओघळताना त्याला धुऊन नेते आणि कोरडा पडू देत नाही. म्हणून बर्फ माशाखाली असून भागत नाही. तो वरही हवा, मध्येही हवा आणि पाण्याला वाट हवी. पाण्यात तरंगणारा मासा बर्फात आहे असे समजू नये. ढोबळ हिशेब असा, की शून्य अंशावर मासा जितक्या वेगाने बिघडतो त्याच्या सव्वादोनपट वेगाने तो पाच अंशांवर बिघडतो आणि चौपट वेगाने दहा अंशांवर. हा हिशेब लक्षात ठेवावा. पुढे वीजपेटीपाशी तो पुन्हा लागेल. मात्र बर्फ कोणत्या पाण्याचा, हा प्रश्न राहतोच. २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर रंगवावा असा नियम झाला, तो मुख्यतः सरबत आणि गोळ्यांत कारखानी बर्फ शिरू नये म्हणून. मासळीवरचा बर्फही धुऊन टाकावयाचा असतो, चोखावयाचा नसतो, हे त्या निळ्या रंगाने आपोआप सांगितले जाते.

मासा बिघडतो म्हणजे काय होते, हे जाणणारी विद्या परळातच नांदत होती. परळच्या जुन्या सरकारी बंगल्यात १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने वारल्या, आणि पुढे गव्हर्नरांनी तो बंगला सोडला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. लस शोधणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली याच बंगल्यात आली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. सूक्ष्म जंतूंचे शास्त्र भिंतीच्या आत आणि मासळीची पाटी भिंतीच्या बाहेर, असा शेजार परळला पाऊणशे वर्षे होता. दोघांची फारशी बोलचाल झाली नाही, याला दोघेही जबाबदार.

त्या शास्त्रातील दोनच गोष्टी आम्ही येथे घेतो. पहिली जपानातील. १९५० साली ओसाकाजवळ बारीक अर्धवट सुकी मासळी खाऊन २७२ माणसे आजारी पडली आणि २० दगावली. फुजिनो या वैद्याने शोधून काढलेला जंतू समुद्राच्या खाऱ्या पाण्यातला होता. अनुकूल उष्णतेत तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. शिजविल्याने तो मरतो, नळाचे गोडे पाणीही त्याला सोसत नाही. म्हणजे कालवण निर्धोक. पण ज्या विळीवर कोळंबी सोलली त्याच विळीवर न धुता काकडी कोचली, तर कोशिंबीर घात करते. एकाच विळीच्या घरात हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अधिक कपटी आहे. बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्या मांसात एक द्रव्य असते. मासा तीन-चार तास उष्म्यात पडला की त्यावरील जंतू त्या द्रव्यापासून हिस्टामिन तयार करतात. मासा दिसावयास बरा, वासालाही फारसा वाईट नाही. खाल्ल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते, छाती धडधडते. घरचे म्हणतात, ‘याला बांगडा बाधतो.’ बांगडा बाधत नाही. बांगड्याचा उन्हातला प्रवास बाधतो. आणि हे विष उकळून जात नाही, तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. आमच्या आज्यांच्या दोन उकळ्या जंतूंना पुरून उरत, पण याच्यापुढे त्या लंगड्या होत्या. येथे उपाय एकच: मासा पाण्यातून निघाल्यापासून चुलीपर्यंत गार असला पाहिजे.

आता ती वीजपेटी. लालबागेत गॅस कंपनीजवळच्या एका छपरात १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला. त्याच घराण्याच्या कंपनीने १९५८ साली देशी बनावटीचा रेफ्रिजरेटर बाजारात आणला. कुलपापासून शीतकपाटापर्यंतचा हा प्रवास लालबागेतून निघाला खरा, पण लालबागच्या खोलीत ते कपाट यावयास आणखी पुष्कळ वर्षे लागली. गिरणीच्या पगारात ते बसणारे नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या मोडत गेल्या, घरे बदलली, पुढची पिढी कचेऱ्यांत आणि दुकानांत गेली. आणि मग हळूहळू मोरीशेजारी कपाट उभे राहिले.

त्याबरोबर बाजाराची तऱ्हा बदलली. रोजचा बाजार सुटला. रविवारी आठवड्याची मासळी आणावयाची, बुधवारी अर्धी आणि शुक्रवारी उरलेली. जे काम बाजार, बर्फ आणि मीठ करीत होते ते एका दाराच्या पेटीवर येऊन पडले. आणि घराने असे मानले, की पेटीत ठेवले म्हणजे वेळ थांबली. मघाचा हिशेब आठवावा. मे महिन्यात, माणसांनी भरलेल्या घरात, दिवसातून पन्नास वेळा उघडणाऱ्या पेटीचा मधला खण दहा अंशांपर्यंत सहज चढतो. तेथे मासा बर्फातल्यापेक्षा चौपट वेगाने बिघडत असतो, फक्त दिसत नाही. एक साधा थर्मामीटर आत ठेवून रात्री आणि दुपारी पाहावा. आम्ही पाहिला, आणि त्या दिवशी मधल्या खणातील रावस मुकाट्याने चुलीवर चढविला.

यासाठी अवघड असे काही करावयाचे नाही. बाजारातून येताना पिशवीत बर्फाचे खडे असावेत. घरी येताच आधी कल्ले आणि आतडी काढावीत, कारण जंतूंचा मुक्काम तेथेच. मग नळाच्या पाण्याने धुऊन, निथळून, कोरडा करून झाकणाच्या भांड्यात, खालून वाहून जाणार नाही असा, पेटीतल्या सर्वांत गार जागी ठेवावा. भांड्यात बर्फ घालता आला तर उत्तम. असा मासा दुसऱ्या दिवशी संपवावा. त्याहून अधिक ठेवावयाचा तर पहिल्याच दिवशी, एका वेळच्या बेताच्या लहान पुड्या हवा न राहील अशा बांधून गोठणखणात टाकाव्यात. बांधण्याची तारीख लिहावी. पापलेटासारखा कमी तेलाचा मासा तेथे पाच-सहा महिने बरा राहतो. बांगडा, तारली दोन-तीन महिन्यांत खवट होतात, कारण गोठल्याने जंतू थबकतात, तेलाचा खवटपणा थबकत नाही. दोन दिवस खालच्या खणात राहून कंटाळा आला म्हणून वर टाकलेला मासा हा गोठलेला शिळा मासा होय. आणि पुडी सोडवावयाची ती आदल्या रात्री खालच्या खणात, ओट्यावर उन्हात नव्हे. ओट्यावर वरचा थर तीस अंशांवर जातो तेव्हा आत अजून दगड असतो.

हे सारे करूनही मासा मुळात कसा होता हा प्रश्न पेटी सोडवीत नाही. २०१८ च्या जुलैत गोव्यात मासळीत फॉर्मालिन असल्याची हाकाटी झाली, बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी आली, आणि त्या आठवड्यांत मुंबईच्या बाजारातही लोक कल्ले उघडून पाहू लागले. पूर्वी ते रोजच पाहत. कल्ला लाल की तपकिरी, डोळा फुगीर की खोल गेलेला, बोट दाबले तर खळगा भरून येतो की राहतो, हे पाहिल्याशिवाय कोळणीशी भावाची गोष्टच निघत नसे. मुशीला अमोनियाचा उग्र दर्प आला तर तिच्या अंगातील युरियाचे काम सुरू झाले, म्हणून ती नाकाने नाकारता येई. ही परीक्षा आता दुकानातील बंद पाकिटावर करता येत नाही, आणि पंचविशीतल्या पुष्कळांना ती ठाऊकही नाही.

बी. डी. डी. चाळी आता एकेक करून पडत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या रहिवाशांना उंच इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या. तेथे स्वयंपाकघर वेगळे आहे आणि शीतकपाटाला भिंतीत जागा ठेवलेली आहे. शिंके टांगावयास आढे नाही, आणि गॅलरीत बोंबील वाळत घालावयास सोसायटी परवानगी देईल की नाही याची आम्हांला शंका आहे.